ऑफिस बारामतीत, खोली मावळात, मत रायगडात

 घाटात रेंज गेली की एपिसोड अर्ध्यात तुटतो, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली, म्हणून हा मजकूर लिहूनही टाकतेय. बोलले तसाच ठेवलाय. फक्त मधले मधले "म्हणजे ना" काढलेत, ते फारच होते.

सुरुवात एका कॉलपासून झाली. माझ्या टीममधला एक जण इंग्लंडात लेस्टरला बसतो. जुलै २०२४ मध्ये तिकडे निवडणूक झाली. ४ जुलैला मतदान, ५ तारखेला निकाल. त्या दिवशी कॉलवर कामाचं कुणीच बोललं नाही. त्याने सांगितलं की अख्ख्या देशात मजूर पक्षाची लाट आहे, पण त्याच्या 'लेस्टर ईस्ट'मध्ये उलटं झालंय, मजूर पक्षाची जागा हुजूर पक्षाने खेचून घेतलीय. मग तो रंगात आला. इथे राहणारे गुजराती कोण, इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून हाकलल्यावर ते कसे आले, कुठल्या रस्त्यावर कुणाची दुकानं, कुठल्या देवळाच्या दारात उमेदवार उभे असतात. त्याला आपला मतदारसंघ आपल्या चाळीसारखा पाठ होता. शेवटी त्याने विचारलं, "तुझा कसा आहे?"

मी म्हटलं, रायगड. मोठा किल्ला आहे आमच्याकडे.

तो म्हणाला, "हो, पण त्यात राहतं कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीटेक झालेली, अठ्ठावीस वर्षांची बाई, आणि आपण कुणाकुणाबरोबर मिळून खासदार निवडतो हे मला सांगता येईना. त्या रात्री मी नकाशा उघडला, आणि नकाशापेक्षा आधी स्वतःचाच पत्ता बघून चक्रावले.

माझं ऑफिस हिंजवडीत. हिंजवडी मुळशी तालुक्यात, मुळशी भोर विधानसभेत, आणि भोर बारामती लोकसभेत. माझी खोली वाकडला. वाकड चिंचवड विधानसभेत, आणि चिंचवड मावळ लोकसभेत. आणि माझं नाव मतदारयादीत कुठे, तर पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणला. महाड विधानसभा, रायगड लोकसभा. म्हणजे मी रोज सकाळी एका मतदारसंघातून दुसऱ्यात जाते आणि मत तिसऱ्यातच देते. माझ्याबरोबर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या निम्म्या लोकांचं असंच असणार.

आता यातली गंमत ऐका. मावळ म्हटलं की आपल्याला लोणावळा, देहू, पिंपरी-चिंचवड आठवतं. पण मावळ लोकसभेत सहा विधानसभा आहेत: मावळ, चिंचवड, पिंपरी या पुणे जिल्ह्यातल्या, आणि पनवेल, कर्जत, उरण या रायगड जिल्ह्यातल्या. उरलेला रायगड जिल्हा, म्हणजे पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड या चार विधानसभा, रायगड लोकसभेत. सहाचा आकडा पुरा करायला खाली रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली आणि गुहागर जोडल्या. म्हणजे उरणचा आगरी माणूस आणि निगडीचा कामगार एका खासदाराचे, आणि मांडव्याच्या जेट्टीवर उतरणारा मुंबईकर बंगलेवाला आणि गुहागरचा आंबेवाला एका खासदाराचे. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, लोकसंख्येचं गणित आहे. २००१ च्या जनगणनेवरून २००८ साली पुनर्रचना झाली आणि २००९ ला पहिली निवडणूक झाली. त्याआधी 'रायगड' नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता, 'कुलाबा' होता. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये बदललं, मतदारसंघाचं त्यानंतर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी. आमच्याकडे सगळंच जरा उशिरा पोचतं.

आकाराचंही सांगते. ब्रिटनमध्ये नवीन नियमाने एका मतदारसंघात साधारण ७० ते ७७ हजार मतदार ठेवतात. आमच्या रायगडात सोळा लाखांहून जास्त. माझा सहकारी आपल्या खासदाराला बाजारात भेटू शकतो. मी खासदारांना आयुष्यात एकदा पाहिलंय, तेही गाडीची काच खाली आली होती म्हणून.

तर, राहतं कोण?

हे मला नकाशाने नाही सांगितलं. हे मला लोणेऱ्याच्या हॉस्टेलने आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं एवढंच. माझं बीटेक लोणेऱ्याला झालं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात. लोणेरे माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा हायवेला लागून. आमच्या खोलीत चार जणी होतो आणि चौघींना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. पेणवाली, म्हसळावाली, खेडवाली आणि मी कुडपणवाली. आता विचार करते तर अख्खा मतदारसंघ त्या खोलीत गाद्या टाकून झोपलेला होता.

पेणवाली आगरी. तिचं घर जोह्याच्या बाजूला, हमरापूर-जोहे म्हणजे गणपतीच्या मूर्तींची गावं. सुट्टीहून आली की तिच्या नखांत रंग असायचा. तिचे आजोबा शेकापचे, लाल बावटावाले. आम्हा डोंगरातल्यांना शेतकरी कामगार पक्ष म्हणजे भिंतीवरचं नाव, पण तिच्या घरात तो पक्ष नातेवाइकासारखा होता. त्यावर रुसायचे, भांडायचे, पण सोडायचे नाहीत. याचं मूळ अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात आहे. १९३३ मध्ये तिथल्या आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. पुढारी नारायण नागू पाटील. आपण 'संप' म्हटलं की दोन दिवसांचा बँकेचा संप आठवतो. हा संप सहा वर्षं चालला, १९३९ पर्यंत. शेतकऱ्याने स्वतःच शेत पडीक ठेवायचं, घरात दाणा नाही, रानातली लाकडं विकून, खाडीतलं मासं-खेकडं पकडून जगायचं, आणि तरी नांगर धरायचा नाही. पुढे कुळकायदा आला त्यामागे हे लोक आहेत. 'कृषीवल' हे वर्तमानपत्रही त्याच चळवळीच्या काळातलं. तेव्हा अलिबाग-पेणकडे लाल रंग का टिकला, याचं उत्तर जात एवढंच देऊन भागत नाही, पोटात आहे ते.

म्हसळावाली कोकणी मुसलमान. अब्बा कुवेतला, घरात बायका आणि म्हातारे. तिच्या घरची भाषा ऐकली तर तुम्हाला कळायचं नाही की मराठी कुठे संपली. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता. आपण इतिहासाच्या पुस्तकात जंजिरा 'शेवटपर्यंत न जिंकलेला किल्ला' म्हणून वाचतो. तिच्यासाठी ते पणजोबांचं सरकार होतं, आणि सातबाऱ्याच्या भांडणात अजूनही त्या काळचे कागद निघतात. त्याच म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले. १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले, महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, आणि कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत मिळालं. हे मी पहिल्यांदा म्हसळावालीच्या तोंडून ऐकलं, मला खोटं वाटलं. ती म्हणाली, "तुला शाळेत काय शिकवलं गो?"

खेडवाली कुणबी. आणि खरं सांगायचं तर माझी सगळ्यात जवळची शेजारीण तीच, फक्त मधे डोंगर. कुडपण अशा जागी आहे की एका अंगाला साताऱ्याची जावळी-महाबळेश्वरची रानं, दुसऱ्या अंगाला रत्नागिरीचं खेड. गाडीने जायचं तर पोलादपूरला उतरा, हायवे पकडा, कशेडी ओलांडा. पायवाटेने आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक सोयरिकी करायला जायचे. त्यामुळे दापोली-गुहागर आम्हाला जोडलं यावर अलिबागवाले नाक मुरडतात, पण आम्हाला ते परकं कधी वाटलं नाही. आम्हाला अलिबाग परकं. जिल्ह्याचं ठिकाण असून मी ते पहिल्यांदा कॉलेजच्या सहलीत बघितलं!

कुणबी समाज या मतदारसंघात पेणच्या खालपासून गुहागरपर्यंत पसरलाय, आणि कुठलाही पक्ष असो, उमेदवार ठरवताना ते गणित मांडल्याशिवाय पुढे जात नाही. खेडवालीला याचा राग यायचा. ती म्हणायची, आम्हाला निवडणुकीत मोजतात, एरवी कोण विचारतंय? तिच्या पणजोबांची जमीन खोताची होती. खोती म्हणजे काय ते आपल्या पिढीला माहीत नाही: सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये बसलेला वतनदार, जो सारा तर घ्यायचाच, वर वेठही घ्यायचा. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. तेव्हा ते पास झालं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने.

आणि बाबासाहेबांचं नाव आलं, तर एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. त्यांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात, म्हणजे दापोली विधानसभेत. आणि चवदार तळं महाडला. दोन्ही आमच्याच मतदारसंघात. २० मार्च १९२७ ला ते हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव आधीच केला होता, पण ठराव कागदावर होता. पाणी प्यायल्यावर गावात लोकांना मारहाण झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली, आणि त्या परिषदेला जागा कुणी देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात संपायला १९३७ उजाडलं.

मी शाळेत असताना महाडला बाजाराला जायचो तेव्हा तळ्याच्या बाजूने जायचो आणि मी आईला विचारायचे, इथे एवढे लोक का येतात? आई म्हणायची, "त्यांचा सण असतो." 'त्यांचा.' आईला दोष देत नाही. तिलाही तसंच सांगितलं गेलं होतं. पण आमच्या मराठा वाडीत मी बारावीपर्यंत एकदाही कुणाच्या तोंडून सत्तावीस सालची गोष्ट पूर्ण ऐकली नाही आणि तानाजीची मात्र रोज ऐकली. उमरठ आमच्याच तालुक्यात, तिथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी. आणि शेलारमामा तर आमच्या कुडपणचेच, असं गाव छातीठोक सांगतं. त्याचा अभिमान मलाही आहे. फक्त दोन्ही गोष्टी एकाच बाजाराच्या वाटेवर होत्या आणि मला एकच सांगितली गेली, हे मला लोणेऱ्याला आल्यावर, बाबासाहेबांचं नाव असलेल्या विद्यापीठात बसून कळलं.

खोलीत नव्हतं असंही कुणी मतदारसंघात आहे. कातकरी. लोणेऱ्याला चार वर्षांत माझ्या वर्गात एकही कातकरी मुलगी नव्हती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. ही सरकारच्याच भाषेत 'विशेष असुरक्षित' आदिवासी जमात, आणि रायगड जिल्ह्यात त्यांच्या वाड्या जिथे तिथे आहेत: पेण, सुधागड, रोहा, माणगाव, महाड. भात कापून झालं, दिवाळी गेली, की ही माणसं बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायला परमुलखात जातात, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आता लोकसभेचं मतदान कधी असतं? एप्रिल-मे. म्हणजे नेमके ते बाहेर असतात तेव्हा. आमच्यासारखे मुंबईवाले मात्र मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेले असतात. एकाच तारखेने एकाचं मत सोपं होतं आणि दुसऱ्याचं अवघड. निवडणूक आयोगाने असं ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण वेळापत्रक कुणाच्या सोयीचं पडतं, हे बघायला काय हरकत आहे?

आणखी एक समाज, जो आता जवळपास नाहीच. अलिबागकडचे बेने इस्राएल, आमच्याकडे त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. बहुतेक जण इस्राएलला गेले. आडनावं मात्र नेली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नागावकर, किहीमकर. मतदारयादीतून नाव गेलं तरी गावाचं नाव तिकडच्या दारावर राहिलं.

आता जरा आकडे, कारण मी शेवटी इंजिनिअर आहे.

२००९ ला इथून शिवसेनेचे अनंत गीते निवडून आले, समोर खुद्द अंतुले होते, फरक एक लाख सेहेचाळीस हजारांचा. २०१४ ला समोर राष्ट्रवादीचे सुनील तटकरे. मोदी लाट असूनही गीते जिंकले ते फक्त २,११० मतांनी. गीतेंना ३,९६,१७८, तटकरेंना ३,९४,०६८. आणि ऐका, त्याच निवडणुकीत 'सुनील तटकरे' याच नावाचे आणखी एक अपक्ष उमेदवार उभे होते. त्यांना ९,८४९ मतं पडली! म्हणजे नावातल्या गोंधळाची मतं विजयाच्या फरकाच्या चौपटीहून जास्त. आमच्या क्षेत्रात याला युझर इंटरफेसची चूक म्हणतात. नंतर मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो आला, तो असल्याच प्रकारांवर उपाय म्हणून. २०१९ ला तटकरे ३१,४३८ नी जिंकले, २०२४ ला ८२,७८४ नी. मधल्या काळात दोन्ही पक्ष फुटले, त्यामुळे पहिल्या लढतीत समोरासमोर असलेल्या पक्षांचे अर्धे अर्धे तुकडे आता एकमेकांच्या बाजूला बसतात. त्यावर बोलायचं तर वेगळा एपिसोड लागेल, आणि कमेंटमध्ये मारामारी होईल.

मला त्यातला २,११० हा आकडा सोडत नाही. पोलादपूर तालुक्याची लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस हजारांच्या आसपास. सोळा लाखांत आमची चिमूटभर. पण २,११० म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या काही वाड्या. मुंबईहून निघालेल्या गाड्या. त्या पोचल्या की नाही.

कारण आमच्याकडे मतदार गावात नसतो, गाडीत असतो. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. निवडणूक लागली की उमेदवार पोलादपूरच्या आधी परळ, भांडुप, नालासोपाऱ्याला मेळावे घेतात. मग आदल्या रात्री गाड्या सुटतात. भाडं कोण देतं, हे विचारायचं नसतं. मतदारांना फुकट ने-आण करणं कायद्याने भ्रष्ट मार्गात मोडतं, हे मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्यावर एका काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि खाली गाडी सुटायची वेळ टाकली.

गावात राहतात त्या बायका. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. रायगड मतदारसंघातही २०२४ च्या यादीत बायकांची नावं पुरुषांपेक्षा जास्त. याचा अर्थ आमच्याकडे मुलींना फार मान आहे असा कुणी काढू नका. पुरुष कमवायला बाहेर आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

या सगळ्या लोकांना एकत्र बांधणारं काय आहे, हे मी बराच वेळ शोधत होते. भाषा? सगळ्यांची थोडी थोडी वेगळी. हायवे? तो सगळ्यांना सारखाच छळतो, पनवेलपासूनचं चौपदरीकरण २०११ पासून ऐकतोय. रेल्वे? कोकण रेल्वे पोलादपूर तालुक्यात शिरतच नाही. मग मला नदी दिसली. सावित्री महाबळेश्वरला उगवते, पोलादपूरवरून खाली महाडला येते, पुढे आंबेतखालून म्हसळा आणि मंडणगड यांच्या मधून जाऊन बाणकोटला समुद्राला मिळते. घाट उतरल्यापासून समुद्रापर्यंत ती एकाच मतदारसंघात वाहते. तानाजीचा तालुका, चवदार तळ्याचं शहर, अंतुल्यांचं गाव, आंबडव्याचा तालुका. सगळे तिच्या काठाने.

आणि तिनेच आम्हाला हिसकेही दिलेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्यात होतं, आणि त्याच दिवशी डोंगर सुटले. महाड तालुक्यातलं तळीये गाडलं गेलं. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. मी तेव्हा वाकडला घरून काम करत होते. दोन दिवस कुडपणला फोन लागला नाही. मी लॅपटॉपसमोर बसून रोजच्या कामाच्या मीटिंगला "नो ब्लॉकर्स" म्हटल्याचं मला आठवतंय. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा ती पहिलं वाक्य काय बोलली? "आमचं काय नाय झालं, तू जेवलीस का?"

तर आता मूळ विषय. ज्यासाठी हा एपिसोड केला.

माझं लग्न ठरलंय. सासर चिंचवडला. नाव यादीत हलवायचं तर फॉर्म ८ भरायचा, ॲपवर दहा मिनिटांचं काम. कायदा काय म्हणतो, तो मी नीट वाचला. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम २०. माणूस जिथे 'सामान्यतः राहतो' तिथलाच मतदार. नुसतं तिथे घर आहे म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास जातही नाही. आता सांगा, वाकडला सहा वर्षं राहणं तात्पुरतं आहे का? मी स्वतःला विचारलं तेव्हा उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' असंच आलं. मला वाकडला टँकरचं पाणी येतं, मी तिथे कर भरते, तिथल्या खड्ड्यात माझी स्कूटी आपटते. आणि मत मात्र मी चार तासांवरच्या रस्त्यासाठी देते, ज्या रस्त्याने मी वर्षातून तीनदा जाते.

आयोगाने यावर यंत्र काढून बघितलंय. डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला, एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान होईल असा. म्हणजे मी चिंचवडच्या शाळेत जाऊन रायगडचं बटण दाबू शकले असते. राजकीय पक्षांना ते पटलं नाही, त्यांच्या शंका होत्या, आणि ते तिथेच थांबलं. इंजिनिअर म्हणून मला ते करून बघावंसं वाटतं. पण ते झालं तरी माझा प्रश्न सुटत नाही. मी तिथली आहे का, हे यंत्र ठरवणार नाही.

बाबांचं म्हणणं सरळ आहे. "नावं गेली की गाव गेलं." मतदार कमी म्हणजे पुढाऱ्याला गाव दिसत नाही, रस्ता आमच्या वळणावर येऊन थांबतो. कुडपणला गाडीचा रस्ता यायला किती पिढ्या गेल्या ते त्यांनी पाहिलंय. त्यांचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही. पण त्यांच्या हिशोबात एक गोम आहे. गावात राहणाऱ्यांच्या नशिबाचा फैसला गावात न राहणारे करतात. आईला रोज पाणी भरायचं असतं. पाण्याच्या योजनेवर कोण काय बोललं हे तिला माहीत असतं. आणि रात्री गाडीतून आलेले चाळीस जण भांडुपात ठरलेलं बटण दाबून दुपारी परत जातात. त्यात मीही होते. ७ मे २०२४, मंगळवार. बारामतीचंही मतदान त्याच दिवशी, त्यामुळे ऑफिसला सुट्टी होती. मी ताम्हिणीतून उतरले, मत दिलं, बोटाचा फोटो टाकला, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि बुधवारी ऑफिसात. पाण्याच्या योजनेचं काय झालं हे मी तिला विचारलंसुद्धा नाही.

म्हणून मी फॉर्म भरायचं ठरवलंय. बाबांना सांगून झालं, ते दोन दिवस बोलले नाहीत. उरली आजी.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा आमच्या वाडीची यादी छापून नेली होती. आजीला वाचता येत नाही, तिने हौसेने वाचायला लावली. मी ओटीवर बसून एकेक नाव वाचत होते आणि ती तांदूळ निवडता निवडता प्रत्येक नावापुढे ठिकाण सांगत होती. नालासोपारा. दिवा. भांडुप. हा हितंच हाय, खालच्या घरात. नालासोपारा. सुरत. ही देवाघरी गेली, अजून नाव हाय व्हय? दिवा. हितं. देवाघरी. कळवा.

मग माझं नाव आलं. मी वाचलं आणि थांबले. म्हटलं, आजी, हे मी आता काढून घेणार आहे, तिकडे लावायला. वाकडला राहते ना मी.

तिने सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "वाकड कुठशी आलं?"

मी फोनवर नकाशा दाखवला. तिने डोळे बारीक करून बघितलं, कुडपण कुठे ते विचारलं, मग दोन्ही ठिकाणांमध्ये बोट फिरवलं.

"लांब हाय," म्हणाली. आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "पुढचं वाच."